१३०, ३८०, ५४०, ७७५ : छोट्या डीसी मोटरींवरच्या आकड्यांचा अर्थ काय?

वेढे मोजणारा

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतला आठवीतला एक मुलगा हातात जाडजूड मोटर घेऊन दारात उभा राहिला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने कचरा गोळा करणारी गाडी करायला घेतली होती. सांगाडा सनबोर्डचा, चाके प्लास्टिकची आणि वीजपुरवठ्याला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. ‘७७५ सगळ्यांत ताकदवान असते’ असे कुणीतरी सांगितल्यामुळे त्याने खाऊचे पैसे साठवून ती मोटर आणली होती. बॅटरी जोडली तेव्हा शाफ्ट, म्हणजे मोटरचा फिरणारा दांडा, किंचित थरथरला आणि थांबला. मोटर खराब निघाली असे वाटून तो रडकुंडीला आला होता. मोटर उत्तम होती. पण तिला नुसते रिकामे फिरायलाच एक अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट लागतो, आणि ती चौकोनी बॅटरी एवढा प्रवाह देऊ शकत नाही. शिवाय साडेतीनशे ग्रॅमची ती मोटर एकटीच त्याच्या उरलेल्या गाडीइतकी जड होती.

असे एक तरी मूल मला दर वर्षी भेटते, आणि मोठी माणसेही हीच चूक करताना दिसतात, म्हणून हा धागा काढत आहे. मुद्दा सुरुवातीलाच लिहितो. १३०, ५४०, ७७५ हे आकडे मोटरच्या पत्र्याच्या डब्याचे माप सांगतात. ती किती व्होल्टची आहे, किती वेगाने फिरेल आणि किती प्रवाह खाईल, हे त्या आकड्यांत कुठेही नसते. ते डब्याच्या आत गुंडाळलेल्या तारेवर ठरते.

या आकड्यांचे मूळ जपानमध्ये आहे. चिबा प्रांतातल्या मात्सुदो इथल्या माबुची कंपनीने खेळण्यांसाठी आणि घरगुती उपकरणांसाठी लहान मोटरी बनवल्या, आणि तिच्या सूचीतले क्रमांक पुढे सगळ्या बाजाराची भाषा झाले. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘एकशेतीस द्या’ म्हटले की कोणत्या कंपनीची असे कुणी विचारत नाही. डबा तेवढा त्या मापाचा असतो. मात्र माबुचीचा पूर्ण क्रमांक यापेक्षा बराच लांब असतो, आणि कामाची माहिती त्याच्या शेपटात असते.

उदाहरणार्थ ‘एफए-१३०आरए-२२७०’ हा क्रमांक पाहा. पहिले अक्षर ‘एफ’ म्हणजे डबा दोन बाजूंनी चपटा. तिथे ‘आर’ असते तर डबा गोल असता. १३० हे माप. शेवटच्या चार आकड्यांतले २२ म्हणजे ०.२२ मिमी जाडीची तांब्याची तार, आणि ७० म्हणजे आर्मेचरच्या (आतल्या फिरणाऱ्या भागाच्या) प्रत्येक खाचेतले वेढे. याच डब्यात येणारी दुसरी मोटर ‘एफए-१३०आरए-१८१००’ आहे, म्हणजे ०.१८ मिमीची तार आणि १०० वेढे. दोघी शेजारी ठेवल्या तर बाहेरून ओळखू येणार नाहीत. पहिली दीड व्होल्टवर रिकामी फिरताना मिनिटाला सुमारे ९,१०० फेरे घेते आणि शाफ्ट धरून थांबवली तर २.२ अँपिअर ओढते. दुसरी तीन व्होल्टवर सुमारे १२,३०० फेरे घेते आणि थांबवल्यावर २.१ अँपिअर ओढते.

आता थोडा हिशेब करू, कारण मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच वाटते. व्होल्ट दुप्पट केले की रिकामा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे पहिली मोटर तीन व्होल्टवर १८,२०० च्या आसपास जाईल. वेढे वाढले की त्याच प्रमाणात वेग कमी होतो. १८,२०० ला ७० ने गुणून १०० ने भागा, उत्तर १२,७४० येते, आणि प्रत्यक्ष आकडा १२,३०० आहे. रोधाचेही तसेच. व्होल्ट भागिले थांबलेल्या मोटरचा प्रवाह, या सूत्राने पहिलीचा रोध ०.६८ ओहम आणि दुसरीचा १.४३ ओहम निघतो. वेढे १.४३ पट झाले आणि तारेचे क्षेत्रफळ सुमारे दीडपटीने घटले, म्हणून रोध २.१३ पट व्हायला हवा, ०.६८ ला २.१३ ने गुणल्यास १.४५ येतात. दोन्ही मोटरींमधले एकूण तांबे मात्र जवळजवळ सारखेच भरते, कारण खाच तेवढीच आहे. जाड तारेचे थोडे वेढे घालायचे की बारीक तारेचे जास्त, एवढाच फरक कारखान्यात केला जातो, आणि त्याच एका निर्णयातून मोटरचा सगळा स्वभाव ठरतो.

माझ्या मुलीला हे कागदावर पटेना, म्हणून आम्ही एका मोडक्या खेळण्यातली १३० उघडली. मागच्या प्लास्टिकच्या टोपीवर पत्र्याचे दोन छोटे कान वाकवलेले असतात. ते बारीक स्क्रू ड्रायव्हरने सरळ केले की टोपी निघते आणि तिच्यासोबत ब्रशच्या, म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणाऱ्या, दोन पातळ तांबड्या पट्ट्या बाहेर येतात. आर्मेचर ओढताना हाताला चुंबकाची ओढ जाणवते, मग ते एकदम सुटते. तीन खांब, तीन गुंडाळ्या, आणि शाफ्टच्या टोकाला तीन तुकड्यांचा तळहातावर हरवेल एवढा कॉम्युटेटर, ज्यावर ब्रश टेकतात. मुलीने एका खांबावरची तार टेबलाच्या कडेशी धरून उलगडत सत्तर वेढे मोजले. त्या मोटरवर छापलेले काहीच नव्हते, तरी आता ती कोणती आहे हे आम्हाला कळले होते.

मापांबद्दल लिहितो. १३० चा डबा साधारण २० मिमी रुंद, चपट्या बाजूंनी १५ मिमी आणि २५ मिमी लांब असतो. शाफ्ट २ मिमीचा, वजन सतरा-अठरा ग्रॅम. तिच्याहून लहान एन२० ही १२ बाय १० मिमीची आणि १५ मिमी लांब असते, आणि ती बहुधा धातूच्या चिमुकल्या गिअरबॉक्ससकट विकत मिळते. २६० आणि २८० या सुमारे २४ मिमी व्यासाच्या असून २८० थोडी लांब असते. ३८० चा व्यास २७.७ मिमी, लांबी जवळपास ३८ मिमी आणि शाफ्ट २.३ मिमीचा. रेडिओवर चालणाऱ्या विमानांच्या छंदात जी ‘स्पीड ४००’ नावाने प्रसिद्ध झाली, ती याच मापाची मोटर होती. म्हणजे ३८० आणि ४०० हे दोन वेगळे आकडे एकाच डब्यावर आले होते. ५४० हा रेडिओ मोटारगाड्यांचा मानक डबा आहे. व्यास ३५.८ मिमी, लांबी ५० मिमी, शाफ्ट एक अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ मिमी, आणि बसवायला २५ मिमी अंतरावर एम३ची (३ मिमी स्क्रूची) दोन छिद्रे. ५५० चा व्यास तोच, लांबी ५७ मिमी. बॅटरीवरच्या अनेक ड्रिल यंत्रांत हीच मोटर असते. ७७५ चा व्यास सुमारे ४२ मिमी, लांबी ६६ ते ६७ मिमी, शाफ्ट ५ मिमीचा आणि छिद्रे २९ मिमी अंतरावर एम४ची.

डबा मोठा म्हणजे चुंबक मोठा, तांबे जास्त आणि उष्णता बाहेर टाकायला पत्रा जास्त. म्हणून मोठी मोटर जास्त काम दीर्घकाळ करू शकते, एवढे नक्की म्हणता येईल. पण ‘१२ व्होल्ट ७७५’ या नावाखाली सहा हजार फेऱ्यांचीही मोटर मिळते आणि त्याहून दुप्पट वेगाचीही. नावावरून त्यांतली कोणती आपल्या हातात आहे हे ठरत नाही.

फळा आणि खडू

अतिशय उपयुक्त लेखन. मी संगमनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या मुलांनी पिवळ्या बीओ मोटरी (गिअरसकट मिळणाऱ्या प्लास्टिकच्या खोक्यातल्या) वापरून चार चाकांची गाडी केली आहे. चार पेन्सिल सेल, एल२९८एनचे लाल ड्रायव्हर (मोटरींना वीज देणारे सर्किट) आणि चार मोटरी, अशी रचना आहे. गाडी हातात उचलून धरली तर चाके छान फिरतात, जमिनीवर ठेवली की गाडी कण्हत उभी राहते. गाडीचे वजन एक किलोच्या आत आहे. मुलांचे म्हणणे आहे की मोठी मोटर घ्यावी. तुमचा लेख वाचून मी थांबले आहे. काय करावे?

वेढे मोजणारा

बाई, थांबलात ते फार चांगले केलेत. त्या पिवळ्या खोक्यात १३० मापाचीच मोटर असते, आणि पुढे साधारण एकास अठ्ठेचाळीस प्रमाणाचे प्लास्टिकचे गिअर असतात. एवढ्या गाडीला त्या चार मोटरी पुरेशा आहेत. तुमची वीज वाटेत हरवते आहे.

एल२९८एन हे जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरांचे ड्रायव्हर आहे. एका बाजूचा प्रवाह एक अँपिअरच्या आसपास गेला की सुमारे दोन व्होल्ट त्याच्याच पोटात जातात आणि त्यांची नुसती उष्णता होते. चार पेन्सिल सेलचे सहा व्होल्ट. त्यांतही चार मोटरी एकदम सुरू झाल्या की सेलचे व्होल्ट पाचाच्या खाली येतात. म्हणजे मोटरला तीन व्होल्ट मिळाले तरी नशीब. हवेत चाके फिरवायला तेवढे पुरतात, कारण रिकाम्या मोटरला प्रवाह जेमतेम लागतो आणि मग ड्रायव्हरमधली घटही कमी असते. जमिनीवर ठेवताच प्रवाह वाढतो आणि घटही वाढते.

मुलांकडून एक मोजणी जरूर करून घ्या. मल्टिमीटरच्या दोन पिना थेट मोटरच्या टोकांना लावायच्या आणि गाडी हातात असताना व जमिनीवर असताना व्होल्ट वेगवेगळे लिहून ठेवायचे. त्यानंतर टीबी६६१२ हे लहान ड्रायव्हर घ्या. ते प्रत्येक बाजूला सलग १.२ अँपिअर देते आणि त्यात व्होल्ट फारच थोडे वाया जातात. एका बाजूला दोन मोटरी असल्याने ते त्याच्या मर्यादेजवळ चालेल, म्हणून गाडी अडकली असताना वीज चालू ठेवायची नाही, एवढे मुलांना सांगा. साध्या पेन्सिल सेलऐवजी पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे पाच सेल वापरा. प्रत्येक सेल १.२ व्होल्टचाच असतो, पण जास्त प्रवाह ओढला तरी त्याचे व्होल्ट टिकून राहतात.

सहावे सत्र

मला वाटते पहिल्या आकड्यावरून व्यास आणि पुढच्या आकड्यांवरून लांबी ओळखता येते. ५४० व ५५० चा व्यास एक आणि लांबी वेगळी, २६० व २८० चेही तसेच. आम्ही महाविद्यालयाच्या रोबोटिक्स गटात असेच लक्षात ठेवतो.

वेढे मोजणारा

बऱ्याच ठिकाणी ते जुळते, पण त्यावर विसंबून मोटर बसवायचा माउंट छापू नका. ३७० चा व्यास २४.४ मिमी आणि ३८० चा २७.७ मिमी आहे. दोघींचा पहिला आकडा तीनच. सीडी प्लेअरमध्ये सापडणारी ३०० ही २४.४ मिमी व्यासाची पण १२ मिमीच्या आसपास उंचीची, बिस्किटासारखी चपटी मोटर आहे. सवयीने चालत आलेले हे क्रमांक आहेत, त्यांना नियम मानू नये. व्हर्निअर कॅलिपर लावून मोजणे हाच खात्रीचा मार्ग.

याच्या अगदी उलट रीत छोट्या ड्रोनच्या कोरलेस मोटरींची आहे. तिथे ८५२० म्हणजे खरोखरच ८.५ मिमी व्यास आणि २० मिमी लांबी, ७२० म्हणजे ७ मिमी आणि २० मिमी. मोबाइलमध्ये थरथर निर्माण करणारी नाण्याच्या आकाराची १०२७ ही १० मिमी व्यासाची आणि २.७ मिमी जाडीची असते. एका रीतीत आकडा म्हणजे नाव आणि दुसऱ्या रीतीत आकडा म्हणजे मिलिमीटर, हे नवीन माणसाला कुणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे. कोरलेस मोटरीत आर्मेचरला लोखंडाचा गाभा नसतो. ती चटकन वेग पकडते, पण तितक्याच चटकन तापते आणि तिचे आयुष्य काही तासांचेच असते. गाडी ओढायला ती वापरू नये.

तांब्याची पाटी

मी घरी पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्या) तयार करतो आणि ०.८ व १ मिमीची भोके पाडण्यासाठी लहान ड्रिल केले आहे. शाफ्टच्या मापाबद्दल माझा अनुभव नोंदवतो, कारण त्यात माझे दोन महिने गेले. ५४० मापाच्या मोटरसाठी मी ३ मिमी भोकाचा पितळी चक (शाफ्टवर बसून ड्रिलचा बिट धरणारा भाग) मागवला. तो शाफ्टवर चढेना. मी शाफ्ट कमी जाडीचा निघाला असेल, जास्त जाडीचा असेल, वाकला असेल, अशा सगळ्या शंका घेतल्या, शेवटी चकचे भोक ड्रिलने मोठे केले. भोक मधोमध राहिले नाही, आणि चालू केल्यावर बिटचे टोक भिंगरीसारखे गोल फिरू लागले. कार्बाइडचे तीन बिट तुटले. तुम्ही लिहिलेले ३.१७५ मिमी हे माप तेव्हा माहीत असते तर ‘३.१७’ असे छापलेला चक मी पहिल्यांदाच घेतला असता. ०.१७ मिमी ही ऐकायला लहान गोष्ट आहे, पण दाबून बसवायच्या भागात तेवढ्याने सगळे बिघडते.

एक प्रश्न आहे. माझी मोटर १२ व्होल्टवर सुरू करताना १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेवर चालणारा पॉवर सप्लाय) टकटक आवाज करून पुन्हा पुन्हा बंद होतो. चालताना मोटर फक्त दीड अँपिअर घेते, मग असे का?

वेढे मोजणारा

शाफ्ट स्थिर असतो त्या क्षणी मोटर म्हणजे निव्वळ तारेचा रोध असतो. फिरू लागल्यावर ती स्वतः उलट दिशेने व्होल्ट निर्माण करते आणि त्यामुळे प्रवाह आटोक्यात येतो. तुमच्या मोटरचा रोध समजा अर्धा ओहम असेल, तर सुरुवातीच्या क्षणी तिला २४ अँपिअर हवे असतात. एसएमपीएसला ते शॉर्ट झाल्यासारखे वाटते, तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद होतो. पीडब्ल्यूएमचा (वीज भराभर चालू-बंद करणारा) वेग नियंत्रक मध्ये घालून नॉब शून्यावरून हळूहळू वाढवलात तर त्याच एसएमपीएसवर काम होईल.

म्हणून मोटर घेताना मी नेहमी आधी थांबलेल्या स्थितीतला प्रवाह विचारतो, ज्याला स्टॉल करंट म्हणतात. ड्रायव्हर, बॅटरी, तारांची जाडी, फ्यूज, सगळे त्या एका आकड्यावर ठरते. दुकानदाराला तो माहीत नसेल तर मल्टिमीटरने रोध मोजा. शाफ्ट थोडा थोडा फिरवून सहा-सात जागी मोजा, कारण ब्रश कॉम्युटेटरच्या कोणत्या तुकड्यावर आहे त्यानुसार आकडा बदलतो. आधी दोन्ही पिना एकमेकींना लावून त्यांचा स्वतःचा रोध लिहून ठेवा आणि तो प्रत्येक मापातून वजा करा. अर्ध्या ओहमच्या मापात ती वजाबाकी विसरली तर उत्तर पार चुकते.

सहावे सत्र

आमच्याकडे १२ व्होल्टच्या ‘जॉन्सन’ गिअर मोटरी वापरतात, ६ मिमी शाफ्टच्या. शंभर, दोनशे, पाचशे आरपीएम (मिनिटाला फेरे) अशा वेगवेगळ्या मिळतात. आमचा रोबो २ किलोचा आहे, चाके ७० मिमी व्यासाची आहेत आणि त्याला १० अंशांचा चढ चढायचा आहे. दोनच मोटरी आहेत. कोणती घ्यावी हे आमच्यात कुणी हिशेबाने सांगू शकले नाही. मागच्या वर्षीच्या मुलांनी तीनशेची घेतली होती, म्हणून आम्हीही तीच घेणार होतो.

वेढे मोजणारा

हिशेब सोपा आहे, करून पाहू. २ किलोचे वजन म्हणजे १९.६ न्यूटन. १० अंशांच्या चढावर मागे खेचणारे बल त्याच्या ०.१७४ पट, म्हणजे ३.४ न्यूटन. चाकांच्या घर्षणासाठी आणखी एक न्यूटन धरा, एकूण ४.४. चाकाची त्रिज्या ०.०३५ मीटर, तेव्हा लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ०.१५४ न्यूटन-मीटर, आणि दोन मोटरींत वाटल्यावर प्रत्येकी ०.०७७. दुकानात किलो-सेंटिमीटरची भाषा चालते. त्या भाषेत हा जवळपास ०.८ किलो-सेंमी झाला.

आता ०.८ ची मोटर घ्यायची नाही. दुकानातला आकडा बहुतेक वेळा मोटर थांबतानाचा टॉर्क असतो, आणि त्या टोकाला मोटर फिरतच नाही, नुसती तापते. कुठलीही ब्रशची डीसी मोटर थांबतानाच्या टॉर्कच्या निम्म्यावर सर्वांत जास्त शक्ती देते, पण तिथेही निम्म्याहून जास्त वीज उष्णतेत जाते. वरच्या १३० चेच उदाहरण घ्या. तीन व्होल्टवरची १०० वेढ्यांची मोटर ३६ ग्रॅम-सेंमीला थांबते. १८ ग्रॅम-सेंमीवर ती सुमारे १.१ वॉट काम देते आणि त्यासाठी ३.४ वॉट खाते. उरलेले दोन-सव्वादोन वॉट अठरा ग्रॅमच्या डब्यात साठत राहतात. काही मिनिटांत बोट ठेववत नाही. तीच मोटर ७.४ ग्रॅम-सेंमीवर चालवली तर ०.७४ वॉट काम देते आणि फक्त १.७ वॉट खाते. म्हणून नेहमीचे ओझे थांबतानाच्या टॉर्कच्या पाचव्या ते चौथ्या भागात ठेवावे. तुमच्या बाबतीत तीन ते चार किलो-सेंमी थांबतानाचा टॉर्क असलेली मोटर हवी.

वेगाचे पाहू. ७० मिमी चाकाचा परीघ २२ सेंमी. शंभर आरपीएमला सेकंदाला सुमारे ३७ सेंमी, तीनशेला एक मीटरपेक्षा अधिक. जॉन्सन मोटरीच्या आतली मूळ मोटर सुमारे २८ मिमी व्यासाची, म्हणजे ३८० च्या जातीची असते, आणि तिचा मूळ वेग मिनिटाला अठरा हजारांच्या आसपास असतो. शंभर आरपीएमच्या मोटरीत तो १८० पट कमी केलेला असतो आणि तीनशेच्या मोटरीत ६० पट. गिअरमध्ये घर्षणाने जे जाते ते वगळता, टॉर्क त्याच पटीत वाढतो. मागच्या मुलांचा रोबो किती वजनाचा होता आणि त्याला चढ होता का, हे पाहिल्याशिवाय त्यांची मोटर घेऊ नका. चढाच्या वेळी वेगाची घाई नसेल तर शंभर किंवा दोनशेची घ्या.

जुना वाइंडर

मी तीस वर्षे मोटर वाइंडिंगच्या कामात काढली, त्यातली बरीच वर्षे मोठ्या मोटरींची. लहान मोटरींबद्दल दोन-तीन गोष्टी सांगतो, ज्या मापाच्या आकड्यात दिसत नाहीत.

लहान आणि कमी प्रवाहाच्या मोटरींत ब्रश धातूच्या पातळ पट्टीचे असतात. जास्त प्रवाहाच्या मोटरींत कार्बनचे. पट्टीच्या ब्रशला घर्षण कमी आणि आवाजही कमी, पण जास्त प्रवाह दिला की ठिणगीने तिचे टोक खाऊन जाते. त्यामुळे तीन व्होल्टच्या १३० ला कुणी सहा-सात व्होल्टवर तासन्‌तास पळवले तर गुंडाळी जळण्याआधी ब्रश संपतात. कार्बनचा ब्रश झिजण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामागे स्प्रिंग असते, आणि सुरुवातीला त्याला कॉम्युटेटरच्या गोलाईवर नीट बसायला थोडा वेळ द्यावा लागतो. नवी ५४० पहिल्यांदा कमी व्होल्टवर दहा-पंधरा मिनिटे रिकामी फिरवावी.

दुसरे, काही मोटरींत, विशेषतः ड्रिलच्या ५५० मध्ये, ब्रश मध्यावरून थोडे सरकवून बसवलेले असतात. त्यामुळे ती एका दिशेला अधिक वेगाने व कमी ठिणगीने फिरते आणि उलट दिशेला तापते. दोन चाकांना अशा दोन मोटरी समोरासमोर लावल्या की एक सुलट फिरते, एक उलट, आणि गाडी एका बाजूला ओढत राहते. मुले प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात.

तिसरे, ठिणगीमुळे आर्डुइनोसारखा प्रोग्रॅम चालवणारा बोर्ड मध्येच पुन्हा सुरू होत असेल तर मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर थेट टोकांवरच सोल्डर करावा. त्यावर १०४ असे छापलेले असते. शक्य असेल तर प्रत्येक टोकापासून डब्याच्या पत्र्यापर्यंत आणखी एकेक लावावा. पत्र्यावर सोल्डर धरण्यासाठी आधी ती जागा कानशीने घासून चकचकीत करावी लागते.

भंगारातले सोने

जुन्या उपकरणांतून मोटरी काढणाऱ्यांसाठी लिहितो. जुन्या कॅसेट प्लेअरमधून बऱ्याचदा ‘ईजी-५३०’ अशी सुरुवात असलेली गोल मोटर निघते. तिच्या डब्यातच वेग स्थिर ठेवणारे सर्किट बसवलेले असते आणि ती मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर थांबून राहते. व्होल्ट कमी-जास्त केले तरी वेग फारसा बदलत नाही, आणि टोके उलटी जोडली तरी ती उलटी फिरत नाही. मी एकदा ती रोबोच्या चाकाला लावून चार संध्याकाळी ड्रायव्हर तपासत बसलो होतो. तिच्या डब्यावर फिरण्याची दिशा छापलेली असते, ती पाहावी. सीडी ड्राइव्हमधली चपटी ३०० मात्र जपून ठेवण्यासारखी आहे. बारीक तारेचे शेकडो वेढे असल्याने ती रिकामी फिरताना वीस-पंचवीस मिलिअँपिअरच घेते, आणि लहानशा सौर पट्टीवरही पंखा फिरवते.

आणि एक विनंती. केस वाळवण्याच्या यंत्रातली मोटर बहुधा डीसीच असते, पण तिला वीज तापणाऱ्या तारेच्या एका भागातून आणि डायोडच्या पुलातून मिळते. त्या यंत्रात मोटरची टोके घरातल्या २३० व्होल्टपासून विलग केलेली नसतात. प्लग लावून तिथे मल्टिमीटर लावायला मुलांना कधीही देऊ नका. मोटर पूर्ण सुटी काढली की मग ती बारा व्होल्टवर निर्धास्त चालवून पाहता येते.

फळा आणि खडू

आज सायंकाळी प्रयोग केला, म्हणून लिहिते. जुन्या ड्रायव्हरवर गाडी हातात असताना मोटरच्या टोकांवर ४.६ व्होल्ट दिसले, जमिनीवर ठेवल्यावर २.७. मुलांनी हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि वर्ग अगदी शांत झाला. नवे ड्रायव्हर आणि पाच चार्जेबल सेल लावल्यावर जमिनीवर ५.४ व्होल्ट मिळाले. गाडी व्हरांड्याच्या टोकापर्यंत सरळ गेली, आणि उंबरठ्यावर अडकली तेव्हा एका मुलीने आपणहून धावत जाऊन स्विच बंद केला.

त्यानंतर आम्ही एक निनावी १३० उघडली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे कान सरळ केले, टोपी काढली. दोन मुलींनी मिळून वेढे मोजले; एकीने तार ओढायची, दुसरीने दर दहा वेढ्यांना वहीत रेघ मारायची. नव्याण्णव भरले. प्रयोगशाळेतल्या स्क्रू गेजने तारेची जाडी ०.२० मिमी आली, तेव्हा ही ०.१८ ची की दुसरी कुठली, असा प्रश्न मुलांना पडला आहे.

वेढे मोजणारा

०.१८ चीच असावी, बाई. क्रमांकातली जाडी उघड्या तांब्याची असते आणि स्क्रू गेज वरच्या इनॅमलच्या लेपासकट मोजतो; एवढ्या बारीक तारेवर तो लेप दोन्ही बाजूंचा मिळून ०.०२ मिमीच्या आसपास भरतो. तारेचे टोक काडेपेटीच्या ज्योतीवर धरून लेप जाळा, बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसा आणि पुन्हा मोजा. नव्याण्णव आणि शंभरातला एक वेढा उलगडताना सुटला असेल, किंवा सुरुवातीचा अर्धा वेढा कॉम्युटेटरच्या कानाखाली दडला असेल. तशीच दुसरी मोटर हाताशी असेल तर ती तीन व्होल्टवर रिकामी फिरवून तिचा प्रवाह मोजायला सांगा. ०.१५ अँपिअरच्या जवळपास आला, तर मुलांनी डब्यावर ‘१८१००’ असे स्वतःच्या हाताने लिहायला हरकत नाही.